मोरिन: नळाच्या पाण्याला झकास, बोअरला बेभरवशाचं

तुरटीने निवळलेल्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम किती उरलं, हे कॉलेजच्या लॅबमध्ये बघायचं तर मोरिनइतका सुटसुटीत फ्लुरोसंट सेन्सर (प्रकाश पाडला की चमकून पदार्थ दाखवणारा) दुसरा नाही. ही पिवळी पूड एकटी असताना जेमतेम चमकते. अ‍ॅल्युमिनियमचा आयन तिच्या ऑक्सिजनांच्या कचाट्यात सापडला की रेणू ताठर होतो आणि ५०० नॅनोमीटरच्या आसपास हिरवा उजेड देतो.

निर्जल मोरिन असेल तर ३० मिलिग्रॅम पूड १०० मिली इथेनॉलमध्ये विरघळवा, म्हणजे साधारण १ मिलिमोलर द्रावण होतं. बाटलीवर हायड्रेट लिहिलं असेल तर लेबलवरच्या रेणुभाराने हिशेब करा. नळीत ८ मिली गाळलेलं पाणी, १ मिली अ‍ॅसिटेट बफर (१ मोलर, पीएच ५), ०.२ मिली मोरिन आणि ०.८ मिली इथेनॉल घ्या, मग वीसेक मिनिटं हात लावू नका. अ‍ॅल्युमिनियम जुळायला वेळ घेतं. नळी पॉलिप्रॉपिलीनचीच हवी. बोरोसिलिकेट काचेत अ‍ॅल्युमिनियम असतंच, ते उतरलं की कोरा (धातू न घातलेला) नमुनाही हिरवा दिसतो. तुलनेच्या प्रमाण द्रावणासाठी (ज्यातला धातू किती ते आधीच ठाऊक असतं) शुद्ध पोटॅश तुरटी १.७५८ ग्रॅम प्रति लिटर, म्हणजे १०० मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियम. किराणा दुकानातली तुरटी इथे चालत नाही.

आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हाची ०.२. ३९५ नॅनोमीटरचा टॉर्च आणि पिवळा जिलेटिन कागद घेऊन ०.२ च्या आसपासचा अंदाज घेता येतो. ०.०३ साठी मात्र फ्लुरोमीटरच लागतो, तिथे डोळ्यांवर विसंबू नका.

आता खरी मेख. नळी अंधारी राहिली म्हणजे अ‍ॅल्युमिनियम नाही, असं मुळीच नाही. नागपुरातल्या पेंच-कन्हानच्या नळाच्या पाण्याला सहसा अडचण येत नाही, पण विदर्भातल्या कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असतं आणि ते हा धातू आधीच पकडून ठेवतं. लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड म्हणजे ५३ मायक्रोमोलर, तर ०.२ मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियम फक्त ७.४. मोरिनच्या वाट्याला काय उरणार? लोहही चमक दाबून टाकतं. त्यावर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आणि फिनँथ्रोलिन चालतं. फ्लोराइडवर असा सोपा इलाज नाही. म्हणून प्रत्येक नमुन्याची जोडनळी लावा: त्यात १० मिलिग्रॅम प्रति लिटरचं प्रमाण द्रावण ०.१ मिली जास्त, पहिलीत तेवढंच डिस्टिल्ड वॉटर. डिस्टिल्ड वॉटरमध्ये जितकी चमक वाढते तितकी इथे वाढली नाही, तर तो आकडा सरळ रद्द.

नागपूरच्या मे महिन्यात आणखी एक कटकट असते. गरम द्रावण कमी चमकतं, त्यामुळे प्रमाण द्रावण आणि नमुना एकाच टबातल्या पाण्यात ठेवून मगच मोजा. मोरिनच्या साठ्याची बाटली तपकिरी, बूच घट्ट आणि जागा फ्रिजमध्ये. इथेनॉल उडालं की प्रमाण बिघडतं. द्रावण तपकिरी पडलं तर ओतून द्या. मोठा पॅक घेण्यात अर्थ नाही: १ ग्रॅममध्ये असे तेहतीस साठे होतात.