उत्तनचं टेंट कॅम्पिंग: जा, पण पुनवेला वाळूवर झोपू नका

कॅम्पिंग म्हटलं की आम्हा ठाणेकरांना पवना नाहीतर अलिबागच आठवतं, आपल्याच जिल्ह्यात उत्तन आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. एका अंगाला समुद्र, बाकी खाड्या, म्हणजे धारावी बेटच ते (झोपडपट्टीवाली धारावी नव्हे, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतला धारावी किल्ला आहे ना, तो इथला). बेट असलं तरी होडी लागत नाही, घोडबंदर रोडने फाउंटन हॉटेलचा नाका, मग भाईंदर पश्चिम, मिठागरं मागे पडली की हवाच बदलते. फक्त गायमुखच्या ट्रॅफिकचा वेळ धरून निघा, आमचा दीड तास तिथेच गेला.

जानेवारीत गेलो, चौघं, माणशी 1,400. टेंट, चहा-भजी, बार्बेक्यू, जेवण, सकाळी पोहे. बार्बेक्यू म्हणजे पनीरचे चार तुकडे आणि अर्धा बटाटा, ते सोडा. आयोजकाचं नाव लिहीत नाही, पोरं वागायला चांगली होती, पण समुद्राचं काही कळत नव्हतं त्यांना.

किनाऱ्यावर सुका पाला, थर्माकोल, तुटक्या चपला यांची एक ओळ लागलेली असते बघा. मागच्या भरतीचं पाणी तिथवर आलेलं असतं. आमचे टेंट त्या ओळीच्या खाली! आणि त्या दिवशी पौर्णिमा. संध्याकाळी वलांडीवर वाळत घातलेले बोंबील काढणारी एक मावशी आमच्याकडे बघून म्हणाली, पुनव आहे आज, इथे झोपणार तुम्ही? आम्ही हसलो. आपल्याकडे पुनवेला-अवसेला भरती बाराच्या आसपास भरते, दुपारी पण आणि रात्री पण, हे मला घरी येऊन कळलं. साडेबाराला बायकोने हलवलं, म्हणाली गादी ओली लागतेय. बाहेर बघतो तर माझी एक सॅंडल तरंगत चाललेली. टेंटच्या खुंट्या उपटाव्या पण लागल्या नाहीत, वाळूत त्या धरतातच कुठे, नुसता टेंट उचलला आणि वर पळालो. वर बावीस माणसांना एक संडास, त्याची रांग पहाटे पाचलाच.

तरी मार्चमध्ये परत गेलो, पण यावेळी गावातल्या एका वाडीत, माडाखाली टेंट. माणशी दोनशे जास्त गेले पण संडास-बाथरूम स्वच्छ, रात्री ताजे बोंबील फ्राय, कोरडं अंथरूण. समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो, आणि सुक्या मासळीचा वास चोवीस तास, ज्यांना चालत नाही त्यांनी येऊच नका. डास पण आहेत, ओडोमॉस न्या. लहान पोरं सोबत असतील तर वाडीच घ्या, वाळूवर झोपायची हौस असेल तर आधी तिथी बघा.

निघताना सुके बोंबील घ्यायला थांबलो तर तीच मावशी. तिने ओळखलं. पहिलं हेच विचारलं, या टायमाला वर झोपलात ना?