टिल्ट-ओव्हर टॉवर: कमी बजेटमध्ये मला तरी हाच पटला

घरी हॅम रेडिओसाठी (परवाना घेऊन छंद म्हणून चालवायचा वायरलेस) अँटेनाचा टॉवर घ्यायचा म्हटलं की सगळे आधी उंची विचारतात, पण मी म्हणेन आधी वाऱ्याचं बघा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की अँटेनावरचा जोर चौपट होतो, त्यामुळे टॉवर कुठल्या वेगाच्या वाऱ्यात केवढी अँटेना झेलतो हे कंपनीकडून लेखी घ्याच. माझा १० मीटरचा, गाय वायरवाला (म्हणजे बाजूंनी ताणलेल्या तारांनी धरलेला) टिल्ट-ओव्हर, म्हणजे आडवा करता येणारा टॉवर आहे आणि मी जाम खूश आहे. २० मीटर बँडला (साधारण २० मीटर लांबीच्या रेडिओ लहरींना) ही उंची म्हणजे अर्धी वेव्हलेंग्थ, तेवढ्यात डीएक्स, म्हणजे लांबच्या स्टेशनांशी संपर्क, मस्त मिळतं. बुडाशी बिजागरी आहे, एका बाजूची गाय वायर सोडून विंच (तार गुंडाळायचं-सोडायचं यंत्र) फिरवला की अख्खा टॉवर हळूहळू आडवा होतो, कोएक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) कनेक्टरला टेप गुंडाळायची असली तरी जमिनीवर उभं राहून काम होतं, वर चढायची भानगडच नाही, हे सगळ्यात भारी. गॅल्व्हनायझिंगही हॉट-डिप (वितळलेल्या जस्तात बुडवून केलेलं) आहे, वेल्डच्या सांध्यापर्यंत जस्त नीट पोचलंय. फक्त सोबतचे टर्नबकल (गाय वायर ताणायचे स्क्रू) हलके वाटतात, ते बदलून जाड घ्या आणि ते फिरून सैल होऊ नयेत म्हणून त्यांतून सेफ्टी वायर ओवा. सेकंडहँड घेणार असाल तर पाइप आतून गंजलाय का ते ठोकून बघा. आणि विजेच्या तारांपासून टॉवर पडला तरी पोचणार नाही एवढं लांब उभा करा, प्लीज.