पती व्हेर्दो, कुन्वाझ, नेग्रेत की फेर सर्व्हादू? फ्रेंच ब्लेंड निवडताना

फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशातली वाइनची बाटली घ्यायची की दक्षिणेकडची, हा प्रश्न बहुतेक जण काबर्ने, मेर्लो, ग्रनाश अशा द्राक्षांच्या मोठ्या नावांवर सोडवतात. माझं मत वेगळं आहे. त्यांच्या जोडीला घातलेलं कमी प्रसिद्ध द्राक्ष नेमकं काय काम करतं, हे आधी बघावं. चव बऱ्याचदा तिथेच ठरते.

पती व्हेर्दो हे बोर्दोचं, त्यातही मेदोक भागाचं द्राक्ष. मणी लहान, साल जाड, त्यामुळे रंग जवळजवळ शाईसारखा आणि टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) भरपूर. ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक द्राक्षांच्या मिश्रणात, ते सहसा काही टक्केच असतं, पण तेवढ्यानेही वाइनला कणा येतो आणि वासात व्हायोलेटच्या फुलांची झाक उतरते. अडचण पिकण्याची. काबर्ने सोव्हिन्योंपेक्षाही ते उशिरा पिकतं, थंड वर्षी कच्चंच राहतं. म्हणून अनेकांनी त्याच्या वेली उपटून टाकल्या होत्या. आता हवामान तापल्यावर त्याला पुन्हा मागणी आली आहे. घ्यायचंच असेल तर २०१८ किंवा २०२२सारख्या उष्ण वर्षाचं मेदोक बघा, आणि बाटली काही वर्षं ठेवायची तयारी असू द्या. घाईने उघडली तर नुसता तुरटपणा हाती लागतो.

कुन्वाझचं काम याच्या अगदी उलट. दक्षिण फ्रान्समधल्या शातोनफ-द्यु-पाप या वाइन-प्रदेशात परवानगी असलेल्या तेरा द्राक्षांपैकी हे एक. रंग फिका, टॅनिन कमी, पण आम्लता चांगली आणि वासात मिरीचा हलका ठसका. ग्रनाश उन्हात पिकून गोडसर आणि जड होतं, अल्कोहोलही चढतं. त्या जडपणात कुन्वाझ ताजेपणा आणतं. शातो द बोकास्तेल या तिथल्याच वाइनरीच्या लाल वाइनमध्ये त्याचा वाटा साधारण दहा टक्के असतो, आणि ज्यांनी ती चाखली आहे त्यांना ते वेगळेपण जाणवतं. पण ही बाटली महाग, आणि कुन्वाझ असलं तरी अल्कोहोल चौदा टक्क्यांच्या घरात जातंच. तिखट जेवणाबरोबर ती घेऊ नका. मिरचीची आग अल्कोहोलने आणखी भडकते.

तिखटासाठी माझी पसंती नि:संशय नेग्रेतला. नैऋत्य फ्रान्समधल्या तुलूज शहराच्या उत्तरेला फ्रोंतों नावाचा छोटा प्रदेश आहे, तिथलं हे मुख्य द्राक्ष. आम्लता कमी असल्याने ते एकटं जरा ढिलं वाटतं, म्हणून बहुधा काबर्ने फ्रां किंवा सिरा या द्राक्षाची जोड देतात. ग्लास नाकाशी नेला की आधी व्हायोलेट, मागून ज्येष्ठमध. टॅनिन मऊ, अंग मध्यम, म्हणजे तोंडात फार जड नाही, त्यामुळे मटणाच्या रश्श्यासमोर ती जिभेवर भांडत नाही. किंमतही बोर्दोच्या नावाजलेल्या बाटल्यांच्या मानाने खूप कमी. मात्र फ्रोंतोंची बरीचशी वाइन तुलूजच्या आसपासच संपते. फ्रान्सला जाणारं कुणी ओळखीचं असेल तर आवर्जून सांगा. वेल भुरी रोग आणि कुजेला लवकर बळी पडते, तरी तिथले शेतकरी तिला सोडत नाहीत, याचं मला फार कौतुक वाटतं.

फेर सर्व्हादू थोडक्यात सांगतो. नैऋत्य फ्रान्समधल्या गायाक प्रदेशात याला ब्रोकोल म्हणतात, मार्सियाकमध्ये मान्स्वा आणि मादिरांमध्ये पिनांक, त्यामुळे लेबल वाचताना तिन्ही नावं लक्षात ठेवा. वासात करवंदासारखी काळी-लाल फळं आणि हिरव्या ढोबळी मिरचीची स्पष्ट झाक. ती झाक आवडते त्यांना ही वाइन फार भावते, बाकीच्यांना कच्ची वाटते. बोर्दोतून जवळपास नाहीसं झालेलं आणि १९९४ मध्ये चिलीत मेर्लोच्या मळ्यांत ओळखलं गेलेलं कार्मनेर हे द्राक्ष याचंच नातवंड आहे, आणि तीच मिरची त्याच्याही वासात सापडते. कार्मनेर आवडत असेल तर गायाकची ब्रोकोल असलेली बाटली डोळे झाकून घ्या.

लेबलवर टक्केवारी क्वचितच छापतात. वाइनरीच्या संकेतस्थळावर त्या वर्षाचं तांत्रिक पत्रक मिळतं, त्यात ब्लेंडचं प्रमाण असतं. घेण्याआधी ते वाचा, कारण प्रमाण दरवर्षी बदलतं. आणि फ्रोंतों असेल तर पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.