गरम झाली की बंद पडणारी पोर्श ९४४: आधी रिले की सेन्सर?

१९८०च्या दशकातली ९४४ अर्धा तास छान धावते, मग अचानक बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते. संशय दोघांवर: डीएमई रिले (इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोलच्या पंपाला वीज देणारा स्विच) आणि फ्लायव्हीलजवळचे, म्हणजे इंजिनमागच्या जड चाकाजवळचे, स्पीड व रेफरन्स सेन्सर (इंजिनचा वेग आणि स्थिती कॉम्प्युटरला कळवणारे).

खर्चात आणि मेहनतीत रिले सरळ जिंकतो. तो हाताने उपसून निघतो. सेन्सर इंजिनच्या मागे, बेलहाउसिंगवर (क्लच आणि फ्लायव्हीलभोवतीच्या आवरणावर) अडचणीत बसलेले; उष्णतेने त्यांचे प्लग ठिसूळ होतात, हात लावला की तुटतात. नवे बसवताना फ्लायव्हीलपासून साधारण ०.८ मिमी फट राखावी लागते.

निदानात मात्र घाई नको. पेट्रोलचा पंप गप्प आहे म्हणून रिलेला दोष देऊ नका, कारण सेन्सरचा सिग्नल गेला तरी कॉम्प्युटर पंप बंद करतो. गाडी बंद पडली की तिथेच, गरम असतानाच, रिले काढून त्याच्या सॉकेटमधली ३०, ८७ आणि ८७बी ही टर्मिनल वायरने एकमेकांना जोडा. सुरू झाली, तर रिलेच गेला. आतले सोल्डर बहुधा तडकले असेल. (जोडणी लगेच काढा, नाहीतर इंजिन बंद असतानाही पंप चालत राहतो.) सुरू झाली नाही आणि स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नसेल, तर सेन्सर तपासा. इंजिन थंड असताना घेतलेल्या सेन्सरच्या रीडिंगवर मी विसंबणार नाही.

गाडी रोज वापरत असाल तर रिले आधी बदला, जुना चालू असेल तर डिकीत ठेवा. क्लचसाठी बेलहाउसिंग उघडणारच असाल, तर सेन्सर त्याच वेळी बदलून घ्या.