टास्क शेड्युलर आणि झोपलेला संगणक : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी घरी बाहेरची हार्डडिस्क जोडली, तेव्हा एका जुन्या ग्रंथाच्या स्कॅन केलेल्या ४८० पानांपैकी फक्त २१२ पाने तिच्यावर सापडली. या कामासाठी सलग सहा रात्री बॅकअप चालला होता आणि सहाही रात्रींच्या नोंदीपुढे टास्क शेड्युलरने, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजमधल्या सोयीने, ०एक्स०, म्हणजे काम यशस्वी, असेच लिहिले होते. तोवर या सोयीचे मी चार जणांकडे कौतुक केले होते, म्हणून आता पूर्ण हकीकत लिहिणे मला आवश्यक वाटते.

माझे काम अक्षरजुळणीचे आहे. रात्री अडीच वाजता विंडोजने संगणक झोपेतून उठवावा, रोबोकॉपी या विंडोजमधल्याच फायली उतरवण्याच्या आज्ञेने दिवसभराच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात आणि संगणकाने पुन्हा झोपावे, एवढीच अपेक्षा होती. रात्रभर संगणक चालू ठेवणे मला पटत नाही. प्लगवरच्या मीटरने मोजले, तर माझा संगणक नुसता चालू असताना ४५ वॅट घेतो. आठ तासांच्या हिशेबाने महिन्याला पावणेअकरा युनिट कोणासाठीही न वापरता जळतात. झोपेत तोच दोन वॅटवर येतो.

जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात अडले. कामाच्या कंडिशन्समध्ये संगणक उठवण्याच्या चौकटीत खूण केलेली असूनही संगणक उठेना. कारण पॉवर ऑप्शन्समध्ये, स्लीपच्या खाली, वेक टायमरची, म्हणजे ठरलेल्या वेळी संगणकाला झोपेतून उठवणाऱ्या गजराची, वेगळी परवानगी असते आणि ती माझ्याकडे ‘फक्त महत्त्वाचे वेक टायमर’ अशी होती. महत्त्वाचे म्हणजे अपडेटनंतरच्या रीस्टार्टसारखे विंडोजचे स्वतःचे; आपण लावलेले काम त्यात धरले जात नाही. ती परवानगी ‘एनेबल’ केल्यावर काम सुरळीत झाले. संध्याकाळी निघताना ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, पुढे स्लॅश आणि वेकटायमर्स एवढे टंकले, की रात्री कोणते काम किती वाजता संगणक उठवणार आहे हे नावानिशी दिसते. ही एक आज्ञा मला इतर सगळ्या सूचनांपेक्षा उपयोगी पडली.

दिवाळीनंतर संगणक पुन्हा उठेनासा झाला. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी कॅबिनेट न उघडताच मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले आणि भेटीचे ५०० रुपये घेतले. मला त्याचा आजही राग आहे, कारण दोष बोर्डात नव्हताच. मी नवा यूपीएस घेतला होता आणि त्याची यूएसबी केबल संगणकाला जोडली होती. ती जोडली, की विंडोज यूपीएसला बॅटरी समजते आणि वेक टायमरची परवानगी ‘बॅटरीवर’ व ‘विजेवर’ अशी दोन ठिकाणी विचारू लागते. शिवाय ‘विजेवर असेल तरच सुरू करा’ ही अट प्रत्येक नव्या कामाला आधीपासूनच लागलेली असते. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटेपर्यंत वीज जात होती, त्यामुळे अडीच वाजता संगणक यूपीएसवर असे. अट काढली, दोन्ही परवानग्या दिल्या आणि हुकलेले काम नंतर लगेच चालवण्याच्या चौकटीतही खूण केली. कोणी स्लीपऐवजी शटडाउन केले, तर मात्र वेक टायमर काहीच करू शकत नाही.

आता मूळ दोष. जानेवारीतला तो प्रकार कळल्यावर मी एका रात्री संगणकापुढेच बसून राहिलो. अडीच वाजता कॅबिनेटचा मिणमिणणारा दिवा स्थिर झाला, पंखा फिरू लागला, डिस्कचा निळा दिवा भराभर लुकलुकू लागला. पडदा काळाच राहिला. आपोआप उठलेल्या संगणकात तो तसा राहू शकतो, म्हणून त्यावरून निदान करू नये. दोन मिनिटे झाली, डिस्कचा दिवा अजून लुकलुकतच होता, आणि संगणक झोपी गेला.

चूक माझ्या बॅच फाइलमधल्या, म्हणजे शेड्युलर चालवत असलेल्या आज्ञांच्या फाइलमधल्या, एका शब्दात होती. रोबोकॉपीच्या आधी मी ‘स्टार्ट’ लिहिले होते. त्यामुळे बॅच फाइल रोबोकॉपीला सुरू करून लगेच संपे, आणि शेड्युलरच्या लेखी काम तिथेच पूर्ण होई. कोणी न उठवता उठलेला संगणक मूळ मांडणीप्रमाणे दोन मिनिटांत परत झोपतो. काम चालू आहे असे शेड्युलरला वाटत असते, तर त्याने त्याला जागे ठेवले असते. जुन्या यूएसबी पोर्टवर दोन मिनिटांत साडेतीन-चार जीबी जाते. रोजच्या मजकुराला ते पुरत होते, म्हणून सात महिने काहीच जाणवले नाही. स्कॅनचे एकेक पान मात्र शंभर एमबीचे होते, म्हणजे रात्रीला पस्तीसेक पानेच जात. सकाळी संगणक सुरू करण्याआधी डिस्क काढून घेण्याची माझी सवय असल्याने उरलेली प्रत दिवसाही पूर्ण होत नसे.

‘स्टार्ट’ काढून टाकले. दुसऱ्या दिवशी नोंदीत ०एक्स१ दिसले आणि मी घाबरलो. पण रोबोकॉपीच्या भाषेत १ म्हणजे फायली नीट उतरल्या, ० म्हणजे उतरवण्यासारखे काही नव्हते, आणि ८ किंवा त्याहून मोठा आकडा म्हणजे बिघाड. ज्या शून्यावर मी सहा रात्री विसंबलो, ते रोबोकॉपीचे नव्हतेच, फक्त तिला सुरू करून मोकळ्या झालेल्या बॅच फाइलचे होते. ज्यांनी नोंदीचा स्तंभ पाहून निर्धास्त राहायचे ठरवले आहे, त्यांनी आपली बॅच फाइल आजच उघडून हा शब्द शोधावा. शेड्युलरचा कामांचा इतिहासही मुळात बंद असतो; उजवीकडच्या यादीतून तो चालू करावा.

सध्या साडेतीन आठवडे झाले, एकही रात्र हुकलेली नाही. रोबोकॉपीला मी लॉग फाइल लिहायला लावली आहे. आता सकाळी आधी संगणक सुरू करतो, लॉगच्या शेवटच्या तक्त्यातील ‘फेल्ड’च्या रकान्यात शून्य आहे हे पाहतो आणि मगच डिस्क काढतो. त्या ग्रंथाची ४८० पाने मी एकेक उघडून तपासली आहेत.