गवती चहा, रोशा, सिट्रोनेला की वाळा? कोल्हापूर जिल्ह्यात तेलासाठी काय लावावं

उसातलं दोन-तीन एकर रान मोकळं करून सुगंधी गवत लावायचा विचार करणारा पहिल्यांदा विचारतो ते किलोच्या भावाबद्दल. पण त्या किलोत खरेदीदार काय शोधतो, हे त्याआधी कळायला हवं. नमुना गेला की गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातला प्रत्येक घटक वेगळा करून मोजणाऱ्या तपासणीचा, अहवाल निघतो आणि त्यातल्या एका मुख्य घटकाच्या टक्केवारीवर दर ठरतो. गवती चहात हा घटक सिट्रल, रोशात जिरॅनिऑल, जावा सिट्रोनेलात सिट्रोनेलाल. वाळ्याचं गणितच निराळं. त्यामुळे निवड करताना दोन गोष्टी एकत्र बघाव्या लागतात: आपल्या मातीत कोणतं पीक तग धरेल आणि पाल्याला वाफ देऊन तेल काढायच्या आपल्या टाकीतून त्याचा घटक धड बाहेर पडेल का.

| पीक | मुख्य घटक | तेलाचा उतारा | टाकीतला वेळ |
|---|---|---|---|
| गवती चहा | सिट्रल ७० ते ८५ टक्के | ताज्या पाल्याच्या ०.५ ते ०.८ टक्के | २ ते ३ तास |
| रोशा | जिरॅनिऑल ७५ ते ९० टक्के | ताज्या पाल्याच्या ०.५ ते ०.७ टक्के | साधारण ३ तास |
| जावा सिट्रोनेला | सिट्रोनेलाल ३२ ते ४५ टक्के, सोबत जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल | ताज्या पाल्याच्या १ टक्क्याच्या आसपास | अडीच ते साडेतीन तास |
| वाळा | खुसिमॉल, अल्फा आणि बीटा व्हेटिव्होन | सुक्या मुळांच्या ०.३ ते १ टक्का | १८ ते २४ तास, कधी जास्त |

गवती चहा

परसातला गवती चहा आणि तेलाचा गवती चहा वेगळा. आपण चहात टाकतो तो बहुतेक सिम्बोपोगॉन सिट्रॅटस. त्याच्या तेलात सिट्रलबरोबर मिरसीनही बऱ्यापैकी असतं. मिरसीन हवेत राहिलं की त्याचा चिकटा होतो, आणि असं तेल अल्कोहोलात नीट विरघळत नाही. साबण आणि अत्तरवाल्यांना हवा असतो तो सिम्बोपोगॉन फ्लेक्सुओसस. लखनौच्या सीमॅप या सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेची ‘कृष्णा’ किंवा केरळातल्या ओडक्कली संशोधन केंद्राची ‘सुगंधी’ (ओडी-१९) ही त्यातली वाणं. शेजाऱ्याच्या बांधावरचे ठोंब फुकट मिळतात म्हणून लावले, तर पुढची चार-पाच वर्षं कमी प्रतीचं तेल काढत बसावं लागेल. पारख घरीही होते: एक भाग तेल ७० टक्के अल्कोहोलाच्या तीन भागांत घालून हलवा. फ्लेक्सुओससचं ताजं तेल स्वच्छ विरघळतं, सिट्रॅटसचं गढूळ राहतं.

सिट्रल म्हणजे जिरॅनियल आणि नेरल या दोन अल्डिहाइडांची जोडी. लिंबाच्या वासाचा साबण आणि फरशी पुसायचं द्रावण हा त्याचा उघड उपयोग. त्यापलीकडे सिट्रलपासून आयोनोन हे रसायन बनतं, ते अत्तरात लागतं आणि जीवनसत्त्व ‘अ’ तयार करायलाही. 

मात्र सिट्रल नाजूक आहे. हवा, उजेड आणि उष्णता लागली की त्याचं ऑक्सिडेशन सुरू होतं. अर्धवट भरलेला कॅन उन्हाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिला की टक्का घसरतो, वास आंबूस होतो आणि दर पडतो. ॲल्युमिनियमचा कॅन काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, सावलीत ठेवा. साध्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये हे तेल ठेवू नका.

६० बाय ४५ सेंमीवर एकरी १५ हजार ठोंब लागतात. पहिली कापणी चार-पाच महिन्यांनी, पुढे पाणी असेल तर दर ७० ते ९० दिवसांनी. जमिनीपासून १० ते १५ सेंमी वर कापा. ऊस बुडख्यातून तोडायची सवय लागलेला गडी इथेही खाली विळा घालतो, मग खोडव्याला फुटवे कमी येतात. दुसऱ्या वर्षापासून ओलिताखाली एकरी ६० ते ८० किलो तेल वर्षाला धरता येतं. कापलेला पाला सावलीत पातळ पसरून दिवसभर सुकू दिला की पाणी कमी होतं आणि टाकीत जास्त माल बसतो. तोच पाला ढीग करून ठेवला तर आतून तापतो, कुजल्याचा वास धरतो आणि तो वास तेलात उतरतो.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडे पावसाळ्यात कापणी घेऊच नये. ओल्या पाल्यात तेलाचा टक्का कमी आणि जळण मात्र दुप्पट. ऑक्टोबरपासून मेपर्यंतच्या तीन कापण्यांवर हिशोब बसवा. दाजीपूरच्या बाजूला गव्यांनी पिकं तुडवून हैराण झालेल्या शेतकऱ्यासाठी एक मोठी सोय: या गवताला जनावर सहसा तोंड लावत नाही.

रोशा

हे आपल्याच महाराष्ट्राचं गवत. खानदेशातल्या रोशाचं तेल एके काळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जायचं, तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं आणि ‘तुर्की जिरॅनियम’ नावाने ओळखलं जायचं. कारण त्याच्या रसायनातच आहे: गुलाबाच्या वासातला एक प्रमुख घटक जिरॅनिऑल, आणि रोशाच्या तेलात तोच भरलेला.

रोशाचे दोन प्रकार दिसायला सारखे असतात, मोतिया आणि सोफिया. जिरॅनिऑल मोतियात. सोफियाचं तेल ‘जिंजरग्रास’ म्हणून विकलं जातं आणि त्याला दर हलका. बी खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या, कारण रोपावरून भेद कळत नाही आणि कळेपर्यंत हंगाम गेलेला असतो. एकरी किलोभर बी पुरतं. ते फार बारीक, म्हणून वाळूत मिसळून मे महिन्यात वाफ्यावर टाकायचं, वर मातीचा अगदी पातळ थर द्यायचा आणि पाऊस लागला की रोपं लावायची.

कापणीची वेळ चुकली तर या पिकाचा फायदाच जातो. तेल प्रामुख्याने तुऱ्यात, त्याखालोखाल पानात, दांड्यात जवळजवळ नाहीच. हिरवागार पाला बघून तुरा यायच्या आधी कापला तर वजन भरपूर, तेल थोडं आणि जिरॅनिऑलही कमी. तुरे पूर्ण फुलल्यावर, बी झडायच्या आत कापा.

टाकीवर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. जिरॅनिऑल पाण्यात थोडं विरघळतं, त्यामुळे सेपरेटरमधून, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यातून, बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर ते वाहून जातं. ते पाणी गटारात सोडू नका, पुढच्या घाण्याला (टाकी भरून एकदा तेल काढणं म्हणजे एक घाणा) टाकीच्या तळात परत घाला.

जिरॅनिऑल अल्कोहोल गटातलं असल्याने हे तेल सिट्रलवाल्या तेलापेक्षा चांगलं टिकतं. दर पडले तर काही महिने थांबता येतं, आणि लहान उत्पादकाला याचा मोठा आधार असतो. साबण, अगरबत्ती, तंबाखू या सगळ्यांत त्याला गिऱ्हाईक आहे. ओलिताखाली एकरी ४० ते ५० किलो, कोरडवाहू त्याच्या निम्म्याच्या आसपास. कागल, गडहिंग्लजकडच्या मुरमाड माळाला चारांत हेच पीक बरं. पाणी साचणाऱ्या रानात मात्र लावू नका, मुळं कुजतात.

जावा सिट्रोनेला

उताऱ्याला सगळ्यांत बरं, पण लाडावलेलं पीक. वर्षभर ओल हवी आणि पाणी साचलेलं चालत नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही म्हणून कोवळी पानं पांढरी-पिवळी पडतात. फेरस सल्फेटची फवारणी तात्पुरती कामाला येते, जमीन बदलत नाही. शिरोळच्या भारी काळ्या रानात याचा हट्ट धरू नये. आजरा-चंदगडची निचऱ्याची तांबडी माती आणि दमट हवा याला मानवते, तिथेही गादीवाफ्यावरच. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ठोंब मधून मरायला लागतात, तेव्हा लागणीचा खर्च चार वर्षांपलीकडे वाटू नका.

रोप घेताना ‘जावा’ प्रकार, म्हणजे सिम्बोपोगॉन विंटेरिॲनस, असल्याची खात्री करा. ‘सिलोन’ प्रकारात सिट्रोनेलाल ५ ते १५ टक्केच असतं. अहवाल वाचताना ‘एकूण जिरॅनिऑल ८५ टक्के’ असा आकडा दिसला तर हुरळू नका. ती जुनी ॲसिटिलेशनची पद्धत, तिच्यात सिट्रोनेलालही जिरॅनिऑल म्हणून मोजलं जातं. प्रत्येक घटकाचा वेगळा आकडा मागा.

टाकीत सिट्रोनेलाल आधी निघतं, जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल मागून. जळण वाचवायला दीड तासात वाफ बंद केली तर मागचा माल टाकीतच राहतो. सिट्रोनेलालपासून हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल हे सुगंधी रसायन आणि मेन्थॉल तयार करता येतं, त्यामुळे या तेलाचा मोठा ग्राहक कारखानदार. डास पळवण्याबद्दल खरं सांगायचं तर परिणाम होतो, पण तेल लवकर उडतं आणि तास-दोन तासांत तो ओसरतो. डेंग्यूच्या दिवसांत फक्त त्याच्यावर विसंबून राहू नये.

वाळा

वाळ्याचं तेल या तिघांच्या कित्येक पट महाग, आणि ते महाग का हे टाकीवर कळतं. त्यातले रेणू जड, सेस्क्विटर्पीन गटातले, वाफेबरोबर सावकाश येतात. मुळं धुऊन, सुकवून, दोन-तीन सेंमीचे तुकडे करून रात्रभर भिजवायची, मग दिवस-रात्र वाफ द्यायची. १० तासांत बंद केलं तर वासाला खोली देणारा, अत्तराचा वास धरून ठेवणारा भाग आतच राहतो. दुसरी अडचण सेपरेटरची. बाकीच्या तेलांची घनता ०.९ च्या आसपास, ती चटकन तरंगतात. वाळ्याची पाण्याच्या जवळपास, त्यामुळे तेल मध्येच घुटमळतं. कंडेन्सरमधून (वाफ थंड करून पाणी करणाऱ्या भागातून) बाहेर येणारं पाणी ४५ ते ५० अंशांवर ठेवलं आणि एकामागे एक दोन सेपरेटर लावले तरच ते हाती येतं. गवती चहासाठी हेच पाणी ३५ ते ४० अंशांवर हवं.

पीक १२ ते १८ महिन्यांचं. तेल एकरी ६ ते १० किलो. खरा खर्च खणायचा. भारी काळ्या मातीत मुळं तुटून आत राहतात, पोयट्याच्या रानात सुटून येतात. कृष्णा-पंचगंगेकाठच्या पूरपट्ट्यात, जिथे २०१९ च्या महापुरात उभी पिकं कुजली, तिथे पाण्याखाली तग धरणारं चारांतलं पीक हेच. क्षारपड जमिनीतही ते इतरांपेक्षा बरं येतं. पण नदीच्या काठावर लावलेला वाळा खणू नका, कारण तो माती बांधून धरतो आणि खणला की काठच ढासळतो. बॉयलर नसलेल्याला एक वाट उरते: स्वच्छ सुकी मुळं तशीच विकायची. माठातल्या पाण्याला, पडद्यांना आणि अत्तरवाल्यांना ती लागतात.

टाकी

एका टाकीवर पहिली तिन्ही गवतं निघतात, म्हणून टाकी कशी हवी हे आधी ठरवलं तरी बिघडत नाही. ५०० किलोची टाकी, आतून एसएस ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील. शिरोली किंवा उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरला हे काम अवघड नाही, फक्त स्वस्तासाठी साध्या लोखंडाला होकार देऊ नका. गंजाने तेल काळवंडतं. ०.६ टक्के उताऱ्याने एका घाण्याला ३ किलो तेल. तीन एकर गवती चहाच्या एका कापणीला साधारण ९ टन पाला, म्हणजे १८ घाणे, दिवसाला तीन घातले तर सहा दिवस. कापणीचं वेळापत्रक टाकीवरून आखा.

पाला थराथराने पायाने दाबून भरा. मध्ये पोकळी राहिली तर वाफ तिथूनच पळते आणि कडेचा पाला कोरडाच राहतो. घाणा उघडल्यावर पाल्याला मूळचा वास येत असेल तर हेच झालंय असं समजा. जळणाला गुऱ्हाळासारखं चिपाड चालतं, आणि काढलेला पाला वाळवून तोही. तेलात राहिलेला पाण्याचा अंश काढायला लिटरला २० ते ३० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट घालून रात्रभर ठेवा आणि गाळून घ्या. गढूळ तेल कॅनमध्ये भरू नका.

घरी वापरणाऱ्यांसाठी एवढंच: १०० मिली खोबरेलात १ मिली तेल पुरे, तेही आधी मनगटावर लावून पाहून. सिट्रल आणि जिरॅनिऑलने काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. कच्चं तेल पोटात घेऊ नये, तान्ह्या मुलांच्या अंगाला लावू नये.

ज्यांचं अजून ठरत नाही त्यांनी पश्चिमेच्या तांबड्या मातीत गवती चहा आणि मुरमाड माळावर रोशा १०-१० गुंठे लावावा. पहिल्या कापणीचा पाला जवळच्या कुणाच्या टाकीवर काढून घ्यावा, ५० मिली नमुना रंगीत बाटलीत भरून तपासायला पाठवावा. अहवालात सिट्रल ७५ च्या वर किंवा जिरॅनिऑल ८० च्या वर दिसलं, तर त्यानंतरच स्वतःच्या टाकीची ऑर्डर द्यावी.