हत्तीचं विणकाम किट: चार्ट झकास, लोकर घरचीच बरी

उरलेल्या लोकरीची एक पिशवी प्रत्येक विणणारीकडे असते, माझ्याकडे तीन आहेत. भाच्याच्या स्वेटरमधली, अर्धवट सोडलेल्या टोपीतली, असले दहा-वीस ग्रॅमचे गुंडे ज्यांचं धड काही होत नाही आणि टाकवतही नाहीत. म्हणून ऑनलाइन ते दोनरंगी नक्षीच्या छोट्या हत्तीचं किट मागवलं, 799 रुपये. म्हटलं एकदा पद्धत कळली की पुढचे हत्ती पिशवीतूनच निघतील.

डब्यात चार रंगांची लोकर (म्हणायची लोकर, आहे अ‍ॅक्रिलिक), दोन्हीकडे टोक असलेल्या पाच बांबूच्या सुया, पोटात भरायचं पांढरं फायबर, प्लॅस्टिकचे डोळे आणि चार्ट. चार्ट खरंच सुंदर केलाय. मोठे चौकोन, एका ओळीत दोनच रंग, फेअर आयल नावाच्या रंगीत नक्षीच्या विणीची जुनी रीत हीच, आणि एका रंगाचे सलग चारपेक्षा जास्त टाके कुठेच नाहीत, त्यामुळे न वापरलेल्या रंगाचा मागून जाणारा धागा लांब लोंबत नाही.

आता रडगाणं. सुया 3.25 एमएमच्या, म्हणजे आपल्या दहा नंबरच्या. या लोकरीच्या स्वेटरला ठीक, पण खेळण्याला वीण सैल पडते, फायबर भरलं की टाक्याटाक्यातून पांढरं डोकावतं. माझा पहिला हत्ती पिठाच्या डब्यात पडून आल्यासारखा दिसतो. सासूबाईंनी तो ताणून बघितला नि म्हणाल्या, "अगं बारा नंबरवर घे की, स्वेटर आहे का हा?" मग माझ्याकडच्या पोनी कंपनीच्या 2.75 च्या, म्हणजे बारा नंबरच्या बारीक सुया काढल्या, दुसरा हत्ती एकदम घट्ट. वर पांढरी लोकर सोंडेपाशीच संपली आणि लाल गुंडा बाकीच्यांपेक्षा जाड, म्हणजे नक्षीत लाल टाके फुगून बसतात. पांढरी मी घरातल्या वर्धमानच्या बेबी लोकरीची घातली, ती जास्त बरी दिसली.

माहितीपत्रकात मागच्या धाग्याबद्दल एक ओळही नाही. तो ओढला गेला की हत्तीच्या पोटाला सुरकुत्या, आणि एका सुईवरून दुसरीवर जाताना तर हमखास ओढला जातो. यावर उपाय म्हणजे विणकाम उलटं करून, आतली बाजू बाहेर ठेवून गोल विणायचं, मग धाग्याला बाहेरून फिरावं लागतं नि आपोआप सैल राहतो. तरी रंगीत नक्षी शिकायला खेळणं स्वेटरपेक्षा कितीतरी सोपं, मागचा गुंता पोटात जातो, कोणाची बोटं त्यात अडकत नाहीत आणि माप चुकलं तर हत्ती जरा लठ्ठ, बास.

डोळे लावूच नका घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर, चावून निघाले की सरळ तोंडात. मी काळ्या धाग्याने भरले. आणि फायबर कमी पडलं म्हणून उशीतला कापूस भरू नका, धुतला की गोळे होतात आणि लवकर वाळतही नाही. इस्त्री तर अजिबात नको, अ‍ॅक्रिलिक चपटं पडतं ते कायमचं.

पाचपैकी तीन स्टार, तिन्ही चार्टला. ससा आणि मांजरीचा नुसता चार्ट दीडशेला विकत असतील तर आजच घेते, पिशव्या अजून अडीच शिल्लक आहेत.